चुका सोसणारा बोर्ड

गणेशोत्सव महिन्यावर आला की ओळखीच्या घरांतून माझ्याकडे ठरावीक विचारणा सुरू होते. कुणाला मखराभोवतीची दिव्यांची माळ धावती करायची असते, कुणाला उंदराची मान हलवायची असते, कुणाला आरतीच्या वेळी पडदा आपोआप सरकवायचा असतो आणि त्यासाठी एक छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम चालवून दिवे-मोटारी हलवणारी चिप बसवलेली पट्टी, विकत घ्यायचा असतो. हलत्या देखाव्यांच्या पुण्यात ही हौस घरोघरी असावी यात नवल नाही. विचारणाऱ्याने तोवर बराच अभ्यास केलेला असतो. त्याच्या मोबाइलवर एक तक्ता तयार असतो, त्यात मेगाहर्ट्झ, किलोबाइट, वाय-फाय आणि किंमत असे रकाने असतात, आणि कमीत कमी पैशांत जास्तीत जास्त देईल तो बोर्ड, असा निकालही बहुधा लागलेला असतो. माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. मी तो सहसा देत नाही, कारण मला महत्त्वाचा वाटणारा रकाना त्या तक्त्यात कधीच नसतो. काम बिनसले, तर दोष किती ठिकाणी शोधावा लागेल?

पहिल्या प्रकल्पात काम बिनसतेच. दिवा लागत नाही किंवा लागला तर विझत नाही. अशा वेळी दोष प्रोग्राममध्ये असू शकतो, उलट्या लावलेल्या एलईडीत असू शकतो, ब्रेडबोर्डच्या (तारा नुसत्या खोचून जोडण्याच्या फळीच्या) सैल भोकात, जंपर वायरच्या आत तुटलेल्या तारेत, अपुऱ्या वीजपुरवठ्यात, यूएसबी केबलमध्ये किंवा संगणकात न बसवलेल्या ड्रायव्हरमध्येही, म्हणजे संगणकाला बोर्ड ओळखायला लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही, असू शकतो. सराव असलेला माणूस यांतल्या चार शक्यता नुसत्या नजरेने बाद करतो. नवशिक्याला मात्र सगळेच संशयित सारख्याच तोलाचे वाटतात, आणि दोन संध्याकाळी अशा गेल्या की बोर्ड कपाटात जातो तो जातोच. म्हणून पहिला बोर्ड असा असावा की जो या यादीत आपल्याकडून शक्य तितकी कमी भर घालेल आणि आपण चुकलो तरी सहसा जळणार नाही. त्याचा वेग किती, हा प्रश्न पुष्कळ नंतरचा आहे.

एक गोंधळ आधीच दूर केलेला बरा. दुकानात जाऊन नुसते ‘रास्पबेरी पाय’ मागितले, तर हातात पडतो तो अख्खा छोटा संगणक. त्याला मेमरी कार्ड लागते, त्यावर लिनक्स चालते आणि चालू असताना वीज गेली तर कार्डावरची माहिती बिघडण्याची भीती असते. मायक्रोकंट्रोलरवर अशी कोणतीही यंत्रणा नसते. एकच प्रोग्राम चिपमध्ये कायमचा बसलेला असतो, वीज आली की तो पहिल्या ओळीपासून सुरू होतो आणि गेली की थांबतो. मखरामागे लपवून दहा दिवस विसरून जाण्याजोगी वस्तू ही दुसरी आहे.

माझ्या पिढीने हे सारे ८०५१ वर शिकले. इंटेलने १९८० मध्ये आणलेली ही चिप आणि तिची भावंडे पुण्यातल्या पदविका आणि पदवी अभ्यासक्रमांत वर्षानुवर्षे ठाण मांडून होती. मूळ चिपमध्ये १२८ बाइट रॅम. प्रयोगशाळेतल्या किटवर सोळा कळांच्या कीपॅडवरून एकेक सांकेतिक आकडा टिपायचा, मध्येच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून टिपायचा, आणि प्रोग्राम कायमचा ठेवायचा असेल तर वेगळी चिप, ती भरायला वेगळे यंत्र आणि पुसायला अतिनील दिव्याचा डबा. त्यातून चिपच्या आतले व्यवहार पक्के समजले, हे मी नाकारत नाही. पण घरी बसून हौसेखातर हे कुणी करील, अशी त्याची घडणच नव्हती.

ही अडचण ओळखली ती इलेक्ट्रॉनिक्सच्या लोकांनी नव्हे, तर डिझाइन शिकवणाऱ्यांनी. इटलीतल्या इव्रेया गावी इंटरॲक्शन डिझाइनची एक संस्था होती. तिथे एर्नांदो बाररागान या विद्यार्थ्याने २००३ मध्ये आपल्या प्रबंधासाठी ‘वायरिंग’ नावाची प्रणाली रचली, आणि तोच धागा पुढे नेत मास्सिमो बांझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये आर्डुइनो आणला. (हे नाव तिथल्या एका बारवरून घेतलेले आहे आणि बारचे नाव १००२ मध्ये इटलीचा राजा झालेल्या आर्दुइनोवरून, राजाच्या नावाने बार काढण्याची रीत आपल्याकडे सुदैवाने कमी आहे.) त्यांचे विद्यार्थी ट्रान्झिस्टर न जाणणारे, वस्तूंना आकार देणारे लोक होते. म्हणून प्रोग्राम भरण्याचे वेगळे यंत्र काढून टाकून त्याचे काम चिपमध्येच बसवलेल्या एका छोट्या प्रोग्रामकडे, म्हणजे बूटलोडरकडे, सोपवले गेले. केबल लावायची, एक बटण दाबायचे आणि प्रोग्राम चिपमध्ये. बोर्डाचा आराखडाही त्यांनी सर्वांसाठी खुला ठेवला.

त्या कुळातला आर्डुइनो उनो २०१० मध्ये आला, आणि नवशिक्याला आजही मी तोच सुचवते. आकड्यांच्या तक्त्यात तो सपशेल हरतो. एटीमेगा३२८पी ही ८ बिटांची चिप, १६ मेगाहर्ट्झ वेग, प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट जागा आणि रॅम अवघी २ किलोबाइट. पण तो हातात घेऊन पाहावा. पिनांचे क्रमांक वरच्या बाजूला, तारा खोचताना डोळ्यांसमोर राहतील असे छापलेले असतात. तारा थेट बोर्डाच्याच भोकांत बसतात, त्यामुळे डाख लावण्याचा प्रश्न येत नाही. तेराव्या पिनेला एक छोटा एलईडी जागच्या जागी जोडलेला असतो आणि त्याच्याशेजारी ‘एल’ हे अक्षर असते. त्यामुळे पहिला प्रोग्राम चालवून पाहायला बाहेरची एकही तार लागत नाही. तो दिवा उघडमीट करू लागला की केबल, ड्रायव्हर, संगणक आणि बोर्ड हे चारही संशयित एका फटक्यात निर्दोष सुटतात, आणि यापुढे जे बिघडेल ते आपण जोडलेल्या तारांत किंवा आपण लिहिलेल्या ओळींत आहे, एवढे निश्चित होते.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. उनो ५ व्होल्टवर चालतो आणि बाजारातली जुनी, स्वस्त, मुबलक अशी बरीच मॉड्यूल्सही ५ व्होल्टचीच असतात. अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर घ्या, खेळण्यातली, सांगितलेल्या कोनात वळणारी निळी सर्वो मोटार घ्या किंवा विजेवर चालणाऱ्या स्विचचे रिले मॉड्यूल घ्या, मध्ये काहीही न घालता ती उनोला जोडता येतात. एका पिनेतून २० मिलीअँपिअरपर्यंत प्रवाह खुशाल घ्यावा, ४० ही कमाल मर्यादा. प्रवाह आवरणारा रेझिस्टर विसरून एलईडी थेट जोडणे बरे नव्हेच, पण त्या एका चुकीने बोर्ड सहसा जात नाही. आणि गेलाच, तर जुन्या धाटणीच्या उनोवर २८ पायांची लांबट चिप सॉकेटमध्ये बसवलेली असते. ती पातळ स्क्रू-ड्रायव्हरने दोन्ही टोकांकडून आळीपाळीने अलगद उचलायची आणि नवी बसवायची. नवी चिप घेताना बूटलोडर भरलेली मागावी, एवढेच लक्षात ठेवायचे. चिप जळाली तरी बाकीचा बोर्ड सहसा शाबूत राहतो, ही जाणीव नवशिक्याच्या हातातली भीती कमी करते आणि भीती कमी झाली की हात प्रयोग करू लागतो.

आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक उनो मूळ कंपनीचे नसतात, तर प्रती असतात. आराखडा खुला असल्याने प्रत काढणे गैर नाही. नाव आणि बोधचिन्ह वापरणे तेवढे गैर. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत दुकानदार सरळ विचारतात, ‘ओरिजिनल देऊ का साधा?’ साधा घ्यायला माझी हरकत नाही. फक्त दोन गोष्टी उलटून पाहाव्यात. मुख्य चिप लांबट आणि सॉकेटमधली असावी, कारण काही प्रतींवर ती लहान, चौकोनी आणि बोर्डाला कायमची चिकटवलेली असते. आणि यूएसबीच्या तोंडाजवळच्या चिपवर सीएच३४० असे लिहिलेले असेल, तर घरच्या संगणकावर तिचा ड्रायव्हर कदाचित वेगळा बसवावा लागेल. केबलची गोष्ट याहून क्षुल्लक आणि याहून जास्त छळणारी आहे. काही केबलींत फक्त विजेच्या तारा असतात, माहितीच्या नसतात. बोर्डावरचा दिवा लागतो, संगणकाला मात्र बोर्ड दिसतच नाही, आणि माणूस ड्रायव्हर काढ-घाल करत बसतो. केबल दुकानातच लावून, संगणकाला बोर्ड दिसतो की नाही ते तपासून घ्यावी. लॅपटॉप न्यायला संकोच करू नये, त्या गल्लीत याहून चमत्कारिक वस्तू घेऊन लोक येतात.

उनोच्या उणिवा झाकण्याचे मला कारण नाही. माझ्या आठवीतल्या भाचीने सर्वो मोटारीवर उंदराची मान बसवली होती. दर दोन सेकंदांनी मान एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे वळायची. अर्धा मिनिट सारे सुरळीत चाले आणि मग मान एकाएकी थरथरू लागे, जणू समोर मांजर आले. रीसेटचे बटण दाबले की पुन्हा अर्धा मिनिट शहाणी. ‘मावशी, मोटार खराब निघाली,’ असा निष्कर्ष काढून ती मोकळी झाली होती. मी तिला एवढेच विचारले, की खराब मोटार दर वेळी घड्याळ लावून खराब होईल का? मग तिने प्रत्येक हालचालीची वेळ संगणकाच्या पडद्यावर छापून घेतली. आकडे दोन-दोन हजारांनी वाढत ३२०१६ पर्यंत आले आणि पुढचा आकडा उणे ३१५१९ असा आला. उनोवर ‘इंट’ या प्रकारच्या पेटीत ३२७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. मिलिसेकंद मोजताना ती मर्यादा तेहेतिसाव्या सेकंदालाच ओलांडली जाते, संख्या उलटून ऋण होते आणि ‘दोन सेकंद उलटले का’ या प्रश्नाचे उत्तर क्षणोक्षणी ‘हो’ असे मिळू लागते. ‘अनसाइन्ड लाँग’ ही मोठी पेटी वापरल्यावर मान शांत झाली. (तो मिलिसेकंदांचा हिशोबसुद्धा सुमारे ५० दिवसांनी शून्यावर येतो, पण तोवर अनंत चतुर्दशी होऊन महिना उलटलेला असतो.) ३२ बिटांच्या कोणत्याही बोर्डावर तिचा पहिलाच प्रोग्राम दहा दिवस बिनबोभाट चालला असता, हे मान्यच आहे. २०२३ मध्ये आलेल्या उनो आर४ मध्ये ही आणि मेमरीची दोन्ही दुखणी गेली आहेत आणि ५ व्होल्टही कायम आहेत. चिप बदलण्याची सोय मात्र त्याबरोबर गेली.

आता ज्याच्या बाजूने तो मोबाइलवरचा तक्ता नेहमी झुकतो, तो ईएसपी३२. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीने २०१६ मध्ये आणलेली ही चिप खरोखर विलक्षण आहे. दोन गाभे, २४० मेगाहर्ट्झपर्यंत वेग, ५२० किलोबाइट रॅम, शिवाय वाय-फाय आणि ब्लूटूथ, आणि किंमत आर्डुइनोच्या प्रतीच्या आसपासच. माझ्या स्वतःच्या घरात तिच्यावर चालणाऱ्या वस्तू उनोपेक्षा जास्त आहेत. तरीही पहिला बोर्ड म्हणून ती मला पसंत नाही, कारण ती संशयितांची यादी लांबवते. ३८ पिनांचा रुंद बोर्ड ब्रेडबोर्डवर बसवला की एका बाजूला तारेसाठी भोकांची एखादीच रांग उरते. ३४ ते ३९ या क्रमांकांच्या पिना फक्त आत येणारा संकेत वाचू शकतात. तिथे एलईडी जोडून कितीही वाट पाहिली तरी तो लागणार नाही. बाराव्या पिनेवर सुरुवातीच्या क्षणी व्होल्टेज असले, तर नेहमीच्या मॉड्यूलवर चिप सुरूच होत नाही. वाय-फाय चालू केले की ॲनालॉग मोजमापाच्या पिनांपैकी एक गट मोजणे सोडून देतो. घरातले वाय-फाय ५ गिगाहर्ट्झचे असेल तर तिला ते दिसतही नाही, कारण तिला २.४ गिगाहर्ट्झच कळते. यांतली प्रत्येक गोष्ट कागदपत्रांत व्यवस्थित लिहिलेली आहे आणि ठाऊक असेल तर मुळीच जड नाही; पण ठाऊक नसेल तर प्रत्येक गोष्ट बरोबर लिहिलेल्या प्रोग्रामला चुकीचा ठरवते. स्वतःची चूक शोधताना माणूस काहीतरी शिकतो. जिथे चूकच नाही तिथे ती शोधत बसणाऱ्याच्या पदरी फक्त मनस्ताप येतो.

त्यात ती ३.३ व्होल्टची. त्या अल्ट्रासॉनिक सेन्सरची उत्तर देणारी पिन ५ व्होल्टचा संकेत पाठवते आणि तो थेट ईएसपी३२ ला देणे धोक्याचे; मध्ये दोन रेझिस्टर घालून व्होल्टेज उतरवावे लागते. पाण्याच्या टाकीची पातळी फोनवर पाहणे ही सोसायटीत राहणाऱ्या पुणेकराची स्वाभाविक इच्छा आहे आणि त्या कामाला हाच बोर्ड योग्य आहे, परंतु तिथेही उघड्या तोंडाचा साधा सेन्सर टाकीतल्या दमट हवेत गंजतो. जलरोधक प्रकारचा घेतला तर तो अगदी जवळचे, सुमारे वीत-सव्वा वीत अंतर मोजू शकत नाही, त्यामुळे टाकी काठोकाठ भरली की आकडे भलतेच येतात. सेन्सर टाकीच्या झाकणापेक्षा उंच बसवावा लागतो. नुसता पंप थांबवायचा असेल, तर तरंगता फ्लोट स्विच हे काम एक ओळही प्रोग्राम न लिहिता करतो, हेही सांगितले पाहिजे.

पिकोच्या बाबतीत माझे मत तितके ठाम नाही. रास्पबेरी पायच्या संस्थेने जानेवारी २०२१ मध्ये ४ डॉलरला आणलेला हा बोर्ड कमालीचा सरळ आहे. बटण दाबून धरून केबल लावली की तो संगणकावर पेन ड्राइव्हसारखा दिसतो, त्यात एक फाइल टाकायची आणि मायक्रोपायथन, म्हणजे पायथन भाषेचे छोटे रूप, तयार. ज्याला पायथन थोडेबहुत येते आणि पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या निम्म्या लोकांना ते येत असावे, त्याला मी पिकोच घ्यायला सांगते. चूक झाली की कितव्या ओळीवर झाली ते तो लिहून दाखवतो. उनो अशा वेळी गप्प बसतो. मात्र साध्या पिकोला पिना नसतात, दोन्ही बाजूंच्या वीस-वीस पिना आपण डाख लावून बसवायच्या. ज्याने सोल्डरिंग गन धरलेली नाही त्याने पिना बसवलेला पिकोच मागून घ्यावा. आणखी एक गैरसोय मला कायम खुपते. पिनांची नावे बोर्डाच्या खालच्या अंगाला छापलेली आहेत, म्हणजे बोर्ड ब्रेडबोर्डवर बसला की नेमकी ती दिसेनाशी होतात, आणि वरून मोजावे तर चौथ्या पिनेचे नाव जीपी२ असते.

दहा वर्षांच्या आतल्या मुलासाठी हा सारा वाद अप्रस्तुत आहे. त्याला मायक्रो:बिट द्यावा. बीबीसीने २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना सुमारे दहा लाख वाटले तो हाच. पंचवीस दिव्यांची जाळी, दोन बटणे, हालचाल ओळखणारा सेन्सर आणि होकायंत्र सारे बोर्डावरच असल्याने तारांशिवाय महिनाभर खेळता येते.

सी-डॅक या संगणक संशोधनाच्या सरकारी संस्थेचे मुख्यालय आपल्याच शहरात असल्याने कुणीतरी स्वदेशी बोर्डाविषयी हमखास विचारतो. सी-डॅकने वेगा नावाची प्रोसेसरमाला केली आहे, तिच्यातल्या तेजस३२ या १०० मेगाहर्ट्झच्या चिपवर एरीज बोर्ड बनतात आणि ते आर्डुइनोच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमधून प्रोग्राम करता येतात. हे काम तिरुअनंतपुरमच्या केंद्रातले. मला त्याचा अभिमान वाटतो आणि तरीही तो बोर्ड मी पहिला म्हणून सुचवत नाही; रात्री अकरा वाजता काही अडले, तर त्याच जागी आधी अडलेली आणि सुटलेली माणसे उनोची हजारोंनी सापडतात, एरीजची अजून मोजकी.

बोर्डाबरोबर काय घ्यावे, यावर लोक बोर्डापेक्षा जास्त पैसे उधळतात. सदतीस सेन्सरांची पेटी घेऊ नये, त्यातले तीस कधी बाहेर येत नाहीत. एक मोठा ब्रेडबोर्ड, जंपर वायर, दहा एलईडी, २२० ओहम आणि १० किलोओहमचे रेझिस्टर, दोन बटणे, प्रकाशाने बदलणारा एक रेझिस्टर, एक सर्वो आणि साधा डिजिटल मल्टिमीटर, एवढे पुष्कळ झाले. मल्टिमीटरवर मात्र काटकसर नको. आणि एक वेगळा ५ व्होल्टचा ॲडॉप्टर घ्यावा, कारण रंगीत एलईडीच्या पट्टीतला एकेक दिवा पूर्ण पांढरा पेटला की ६० मिलीअँपिअरपर्यंत खातो. साठ दिव्यांची पट्टी म्हणजे साडेतीन अँपिअरहून अधिक, आणि उनोच्या यूएसबी मार्गावरचा फ्यूज आहे अर्ध्या अँपिअरचा. पट्टीला वीज ॲडॉप्टरमधून द्यायची, संकेताची तार बोर्डातून, आणि दोघांचे ग्राउंड, म्हणजे ऋण टोके, एकमेकांना जोडायचे. हे शेवटचे जोडायला सगळे विसरतात आणि मग दिवे मनाला येईल तसे लुकलुकतात.

पुढच्या वर्षी उनो अपुरा पडला, तर शिकलेले वाया जात नाही. तेच सॉफ्टवेअर, तीच भाषा ईएसपी३२ आणि पिको दोघांवरही चालते, प्रोग्राममधले पिनांचे क्रमांक तेवढे बदलतात. बदलते ते व्होल्टेज. ५ व्होल्टवर चालणारी एलईडीची पट्टी निदान साडेतीन व्होल्टचा संकेत मागते आणि नवा बोर्ड देतो ३.३; पट्टी कधी चालते, कधी चालत नाही, आणि पाहुणे आले की हमखास चालत नाही. मध्ये ३.३ व्होल्टचा संकेत ५ व्होल्टचा करणारी ७४एचसीटी१२५ ही काही रुपयांची चिप घातली की प्रश्न मिटतो. ती मागताना ‘एचसीटी’ असे स्पष्ट सांगावे आणि घेताना चिपवरचे अक्षर वाचून घ्यावे; नुसती ‘एचसी’ दिसायला अगदी तशीच असते, पण ५ व्होल्टवर तीसुद्धा साडेतीन व्होल्टच मागते.